निष्काम मासेमारी

सिडनी हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेला मासा, कोळंबी किंवा चिंबोरी खाऊ नये, असा न्यू साउथ वेल्स सरकारचा सल्ला आहे. पुलाच्या पूर्वेचा मासा खायला हरकत नाही, पण तोही साधारण महिन्याला १५० ग्रॅम. १५० ग्रॅम म्हणजे एक तुकडी, तीही शेपटीकडची. अलिबागच्या घरात एवढा मासा कालवणाचं मीठ बघण्यातच संपतो.

पेंडल हिल हे उपनगर शहराच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटर आत आहे. समुद्र नाही, बंदर नाही. नाव उचललं ते इंग्लंडातल्या लँकेशायरच्या टेकडीचं, आणि ती टेकडी गाजली १६१२च्या चेटकिणींच्या खटल्यामुळे. १९२०च्या दशकात जॉर्ज बाँड यांनी या भागात सुताची गिरणी काढली आणि पुढे कित्येक वर्षं ऑस्ट्रेलियातल्या पुरुषांच्या बनियन-चड्ड्यांची काळजी या परिसराने वाहिली. २००९ मध्ये बाँड्सच्या मालक कंपनीने देशातलं उत्पादन गुंडाळायचं ठरवलं. गिरणगावची गोष्ट माहीत असलेल्याला पुढचं सांगायला नको. आज स्टेशनाबाहेर पडलं की डोशाचा वास येतो, साड्यांची दुकानं लागतात आणि श्रीलंकन वाण्याकडे गोठवलेली सुरमई मिळते.

इथे, शेजारच्या वेंटवर्थव्हिलमध्ये आणि टुंगॅबीत मराठी घरं पुष्कळ. त्यांतल्या काहींना फ्लाय फिशिंगची बाधा झालेली असते. वर्णनाच्या सोयीसाठी त्या सगळ्यांचा मिळून एक गृहस्थ करू: गाव अलिबाग, नोकरी संगणकाची, वय पंचेचाळिशीचं, डॉक्टरांनी ‘काहीतरी छंद लावून घ्या’ म्हणून सांगितलेलं. त्याला अलिबागकर म्हणू. रविवारी पहाटे तो गाडीच्या टपावर कॅनू बांधतो, हार्बर ब्रिजच्या पश्चिमेकडच्या पॅरामॅटा नदीवर जातो, तिवरांच्या कडेने वल्हवत पिसांची माशी पाण्यावर फेकत बसतो आणि दुपारी रिकाम्या हाताने परत येतो. मासा मिळाला तरी रिकाम्याच हाताने. घरच्यांना न समजलेलं आहे ते एवढंच.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय, हे अलिबागकराने घरी अनेकदा समजावून सांगितलं आहे. साध्या गळाला शिशाचं वजन असतं, आमिष असतं. ते वजन फेकलं की दोरी त्याच्यामागून जाते. इथे उलटा कारभार. आमिष म्हणजे गरीवर बांधलेली पिसं, त्यांना वजन जवळजवळ नाहीच. म्हणून दोरीच जाड आणि जड करायची, ती डोक्यावरून मागे नेऊन पूर्ण सुटू द्यायची आणि मग पुढे आणायची. काठी घड्याळातल्या दहा आणि दोन यांच्या मध्येच हलली पाहिजे, हा पहिला धडा. सगळं जमलं तर वीसेक मीटरवर ती माशी अलगद टेकते आणि माशाला वाटतं, आपला नाश्ता आला.

“आणि नाही जमलं तर?” बायकोने विचारलं.

“तर कानात.”

या खेळाचा इतिहास जुना आहे. साधारण १८०० वर्षांपूर्वी एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांबद्दल लिहून ठेवलं, की ते गरीला लाल लोकर गुंडाळतात, कोंबड्याची दोन पिसं बांधतात आणि मासे फसवतात. आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ मध्ये आलं आणि इंग्रजांनी या उद्योगाला सभ्य गृहस्थाच्या लक्षणांत बसवलं. मग इंग्रज जगभर गेले. पण जगभरच्या नद्यांत त्यांचा आवडता ट्राउट नव्हता. म्हणून १८६४ मध्ये त्यांनी ट्राउटची अंडी शेवाळात गुंडाळून, बर्फात ठेवून, ‘नॉरफोक’ जहाजाने टास्मानियासाठी रवाना केली. ती तिथे उबवली, नद्यांत सोडली, वाढू दिली आणि मग काठ्या घेऊन पकडायला बसले. विसाव्या शतकाच्या तोंडावर काश्मिरातही हाच प्रयोग झाला. आधी मासा नेऊन सोडायचा, मग तो पकडायचा, आणि अलीकडच्या शिष्टाचाराप्रमाणे पुन्हा सोडायचा. एवढ्या येरझाऱ्या सरकारी फायलीलाही घडत नाहीत.

तिवरांच्या खाडीत ट्राउट नसतो. तिथे असतो ब्रीम, म्हणजे आपल्या पालूचा भाऊबंद. असतो चपट्या डोक्याचा फ्लॅटहेड, मुडदुशीच्या कुळातला व्हायटिंग, आणि बोय तर थव्याने. यांच्यासाठी माश्या वेगळ्या बांधाव्या लागतात. पेनसिल्वेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात काढलेली ‘क्लाउझर मिनो’ इथे फार चालते. तिला धातूचे दोन टपोरे डोळे असतात, त्यांच्या वजनाने गरी उलटी होऊन टोक वर राहतं, आणि म्हणून ती तळाच्या मुळांत कमी अडकते. ‘कमी’ या शब्दावर अलिबागकराचा फार भरवसा आहे.

माश्या बांधण्याचं काम शनिवारी रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर चालतं. छोटा शेगडा, त्यात गरी चिमटलेली, भिंग, बारीक रेशमी धागा. हरणाच्या शेपटीचे केस दुकानातून आणलेले असतात. बाकीचं घरातून जमवलं जातं. बायकोच्या जुन्या साडीची जर त्याने एकदा अशीच वापरली. ब्रीमला ती आवडली नाही. बायकोलाही नाही.

पिसांची कथा मोठी आहे. मोरपिसाचे तंतू हा माशीच्या अंगाचा जगन्मान्य माल. पण भारतातून मोरपिसं बाहेर न्यायला बंदी, आणि ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर पीस, लाकूड, लोणचं, काहीही जैविक असेल ते जाहीर करावं लागतं. आईने गेल्या खेपेला देव्हाऱ्यातलं मोरपीस ‘असू दे’ म्हणून सामानात घातलं होतं. ते अलिबागकराने मुंबईतच नातेवाइकांकडे ठेवलं, कारण दोन देशांच्या कायद्यांशी एका पिसासाठी भांडण्याएवढी त्याची रजा शिल्लक नव्हती. इंग्रजांना असले प्रश्न नव्हते. त्यांच्या सामन माशाच्या भरजरी माश्यांना मानाचं पीस लागे ते राखी रानकोंबड्याच्या मानेवरचं, मिन्यासारखा चकचकीत ठिपका असलेलं. हा कोंबडा आपल्या सह्याद्रीतला. त्याच्या शास्त्रीय नावात पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्गअभ्यासकाचं नाव आहे. आणि महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून निवडली ती पांढरी चिप्पी, तिचं शास्त्रीय नाव सोनेराशिया, तेही याच माणसावरून. कोंबडा डोंगरात, चिप्पी खाडीत, आणि सोनेरासाहेब दोन्हीकडे.

सगळ्यात मोठा घरगुती तंटा मात्र टोपलीवरून झाला. फेकलेली दोरी हाताने ओढून घेताना ती पायापाशी जमते, आणि कॅनूत पायापाशी वल्हं असतं, डबा असतो, चपला असतात, बुटाची नाडी असते. दोरी या सगळ्यांशी ओळख करून घेते. पुढच्या फेकीला दोरी जाते आणि सोबत चप्पलही. यावर जगभरचे फ्लायवाले एकच स्वस्त उपाय करतात: कपडे ठेवायची प्लास्टिकची टोपली पुढ्यात घेऊन दोरी तिच्यात सोडायची. पेंडल हिलच्या त्या घरात टोपली एकच होती. रविवार हा धुण्याचा वार होता.

“अहो, चांगली काठी हजार डॉलरची आणता, एक टोपली आणवत नाही का तुम्हाला?”

प्रश्न बिनतोड होता. टोपली दुसऱ्या दिवशी आली.

होडी पाण्यात कधी टाकायची, याचा सल्ला अलिबागहून येतो. तिथे भरतीचं गणित तोंडपाठ असतं: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, आले ते तास. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पिढ्यान्‌पिढ्या त्याच गणितावर होड्या निघाल्या आणि परतल्या. एका अमावास्येला आईने फोनवर सव्वाअकरा सांगितले. अलिबागकर सव्वाअकराला नदीकाठच्या रायडलमिअरच्या बाजूला पोचला, तेव्हा भरती येऊन, थोडं थांबून, परत निघालेली होती. सिडनीत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती साडेआठ-साडेनऊला लागते. एकाच चंद्राच्या ओढीने उठलेलं पाणी प्रत्येक किनाऱ्याला आपापल्या वेळेने पोचतं, किनाऱ्याची आणि समुद्रतळाची ठेवण त्याला अडवते, वळवते. मुंबईच्या बाजूला उधाणात पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, सिडनीत फार तर दोन.

“म्हणजे तिथे चंद्र वेगळा आहे का रे?” आईने विचारलं.

“नाही गं आई, चंद्र तोच. पण इथे तो उलटा दिसतो.”

दक्षिण गोलार्धात तो खरंच उलटा दिसतो. आईने पुढे काही विचारलं नाही; परदेशात जाऊन मुलाचं डोकं फिरलं आहे ही तिची जुनी शंका होती, तिला पुरावा मिळाला.

त्या दिवशी अलिबागकर दोन तास चिखलात बसला. त्याला लाज वाटायचं कारण नव्हतं, कारण नदीचा हा भाग एवढा उथळ आहे की फार ओहोटी असली की पॅरामॅटाची सरकारी फेरीबोटही रायडलमिअरलाच थांबते आणि प्रवाशांना बसमध्ये बसवून पुढे पाठवते. बोट पुढे जाते तेव्हाही हळू जाते, कारण तिच्या लाटांनी काठ ढासळतात. चिखलात बसलेल्या माणसाला बसच्या खिडकीतून हात करणारे प्रवासी दिसले, असं तो सांगतो. ते हसत होते, हे तो सांगत नाही.

बाकी बसायला जागा ओळखीची होती. सिडनीच्या खाड्यांतलं मुख्य झाड म्हणजे ‘ॲव्हिसेनिया मरिना’, आपलं तिवर. ठाण्याच्या खाडीत, ऐरोलीच्या पुलाखाली, अलिबागच्या खाजणात उभं असतं तेच. तीच चिखलातून वर आलेली बोटभर श्वासमुळं, तीच पानांमागची मिठाची खर. सोबतीला काजळाही आहे, तोही आपल्याकडचाच. फक्त चिखलावर टुणटुण उड्या मारणाऱ्या निवट्या इथे नाहीत. बाकी अलिबागकराला पासपोर्टवर शिक्का मारून यावं लागलं, नागरिकत्वाची परीक्षा द्यावी लागली, आणि हे झाड दोन्ही देशांचं जन्मजात नागरिक. कायद्याचं संरक्षणही दोन्हीकडे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि मग २०१८ मध्ये कांदळवनांच्या तोडीला मज्जाव केला, २०१२ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष काढला. न्यू साउथ वेल्समध्येही परवानगीशिवाय त्यांना इजा करणं गुन्हा आहे.

हे संरक्षण फ्लायवाल्याला फार महागात पडतं. कारण या खेळात पुढे जितकी जागा लागते तितकीच मागे लागते, आणि कॅनूच्या मागे नेहमी तिवर असतं. शिवाय कॅनूत उभं राहता येत नाही, राहिलं तर फार वेळ राहता येत नाही. बसून फेकायचं तर हात पाण्यापासून फूट-दोन फुटांवर, म्हणजे मागे जाणारी दोरी खाली येऊन पाण्याला चाटणार. ती चाटू नये म्हणून उंच फेकावी, तर फांदीत. अलिबागकराची पहिली माशी पानांत गेली. त्याने ओढली, फांदी वाकली, माशी हलली नाही. फांदी मोडायची तर कायदा. दोरी तोडायची तर चार डॉलरची माशी आणि शनिवारची रात्र गेली. कॅनू फांदीकडे न्यायची तर वल्हं मारायला हात हवा, आणि एका हातात काठी, दुसऱ्यात दोरी. तेवढ्यात वाऱ्याने कॅनू स्वतःच फिरली आणि अलिबागकराला पाठीकडून तिवरात नेऊन ठेवलं. माशी त्याच्या नाकासमोर आली. ती त्याने सोडवली, तेव्हा एक कोळी त्याच्या टोपीवर उतरला. प्राणिशास्त्रातला. दर्यावरचा असता तर काही मदत तरी झाली असती.

मासे मात्र इथे आहेत, आणि कुठे आहेत हेही ठरलेलं आहे. भरतीला ते तिवरांच्या आत शिरतात, ओहोटी लागली की आतल्या ओहोळांच्या तोंडाशी येऊन थांबतात. पाण्याबरोबर वाहून येणाऱ्या कोळंब्या, बारकी चिंबोरी थेट त्यांच्या तोंडात. कोकणात नेमक्या याच जागी जाळं लागतं, पाग पडतो आणि अर्ध्या तासात संध्याकाळची सोय होते. इथे त्याच जागी अलिबागकर पिसं फेकतो.

बोय हा शाकाहाराकडे झुकलेला मासा, क्लाउझरकडे ढुंकून बघत नाही. पण धक्क्यावरच्या लोकांनी टाकलेला पाव खायची त्याला सवय लागलेली असते. म्हणून फ्लायवाल्यांनी पावाच्या तुकड्यासारखी दिसणारी पांढरी माशी काढली आहे. आधी पाण्यात खरा पाव टाकायचा, बोयी गोळा झाल्या की त्यांत हा खोटा पाव टेकवायचा. हे ऐकून आईचा पहिला प्रश्न साहजिक होता.

“अरे, मग गरीला खराच पाव का नाही लावत?”

अलिबागचा सहा वर्षांचा पोरगा कणकेची गोळी लावून बोय काढतो. त्याला कोणी हजार डॉलरची काठी दिलेली नसते, म्हणून त्याला हे सुचतं.

शेवटी एक ब्रीम लागला. ओहोळाच्या तोंडाशी, सावलीत, दोरी ओढता ओढता अचानक जड झाली, काठी वाकली आणि कॅनूचं नाक माशाच्या दिशेने वळलं. हलक्या होडीला मासा खरोखरच ओढत नेतो. दोनतीन मिनिटांत रुपेरी अंगाचा, पिवळसर परांचा मासा कडेला आला. आता शिष्टाचार. हात आधी पाण्यात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि त्याला रोग लागतो. गरीचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवलेला असतो, त्यामुळे ती चटकन निघते. पट्टीवर माप घ्यायचं: ब्रीम २५ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर तो ठेवायला कायद्याने मनाई. हा सव्वीस भरला. म्हणजे कायद्याने ठेवता येतो, आणि आरोग्य खात्याच्या सल्ल्याने खाता येत नाही. परवान्याचे वर्षाला ३५ डॉलर भरलेले, ते पकडून सोडण्यासाठीही भरावेच लागतात.

न खाण्याचं कारण नदीच्या तळाशी आहे. खाली होमबुश बेच्या काठावर, र्‍होड्सला, युनियन कार्बाइडचा कारखाना होता. हे नाव भोपाळमुळे आपल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथे तणनाशकं बनत, त्यांच्याबरोबर डायॉक्सिन तयार होई, आणि ते खाडीच्या गाळात उतरलं. कारखाना कधीच बंद झाला, काठावर उंच इमारती आल्या, सफाईही झाली. गाळ मात्र विसरत नाही. २००६ मध्ये या सगळ्या बंदरातली व्यापारी मासेमारी बंद करण्यात आली. त्याच होमबुश बेमध्ये १९११ साली बांधलेलं ‘एअरफील्ड’ हे जहाज १९७२ पासून उभं आहे. मोडीत काढायला आणलं होतं, मोडायचं राहून गेलं, आणि आता त्याच्या गंजक्या पोटातून तिवरांचं रान वर आलं आहे. पर्यटक त्याचे फोटो काढतात.

अलिबागकराने ब्रीम पाण्यात धरला. कल्ले हलले, शेपूट हलली, मासा गेला. आई व्हिडिओ कॉलवर होती.

“सोडलास?”

“सोडला.”

“का?”

“खायचा नसतो, आई.”

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आईने फोन बहिणीच्या हातात दिल्याचं आणि ‘तूच बोल त्याच्याशी’ म्हटल्याचं ऐकू आलं.

बहिणीला त्याने सांगितलं, की हे काही परदेशी खूळ नाही. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे सभासद पकडलेला मासा सोडून देतात, आणि त्या तलावात मगरीही आहेत. लोणावळ्याला वळवणच्या धरणावर टाटांचं केंद्र गेली पन्नासेक वर्षं महसीर वाढवून नद्या-तलावांत सोडतं. बहीण म्हणाली, “ते सोडतात, पण आईला फोन करून दाखवत नाहीत.”

घरी परतताना अलिबागकर पेंडल हिलच्या दुकानात थांबतो आणि बॅरामुंडी घेतो. बॅरामुंडी म्हणजे जिताडा. रायगडात जावयाच्या पानात मान मिळवणारा तोच मासा. जन्मतो नर, काही वर्षांनी मादी होतो, आणि दोन्ही जन्मांत चवीला सारखाच. ऑस्ट्रेलियाचा हा लाडका मासा, पण इथे खपणारा बराचसा आशियातल्या शेततळ्यांतून येतो. म्हणजे अलिबागच्या माणसाने सिडनीच्या खाडीत ब्रीम सोडायचा आणि परदेशातून आलेला अलिबागचा मासा डॉलर मोजून आणायचा. बायको त्याला हळद, तिखट, आगळ लावते आणि नवऱ्याच्या छंदाबद्दल एकही शब्द काढत नाही. तळण सुरू असताना या घरात भांडण होत नाही.

खरा, खाडीतला जिताडा फ्लायवर पकडायचा तर उत्तरेला जावं लागतं. नॉर्दर्न टेरिटरीतल्या तिवर-कांदळाच्या खाड्या हे त्याचं माहेर, आणि माशी अंगावर आल्यावर तो जो फटका मारतो त्यासाठी लोक जगभरातून येतात. गेल्या महिन्यात अलिबागकराने जेवताना हा विषय काढला.

“तिथला मासा खाता येतो का?” बायकोने विचारलं.

“येतो.”

“परवाना?”

“तिथे छंदाच्या मासेमारीला परवानाच लागत नाही.”

“मग इतकी वर्षं अडलं कुठे?”

अलिबागकराने मुलांकडे बघत जरा हळू आवाजात सांगितलं, की तिथे खाऱ्या पाण्यातल्या मगरी लाखाच्या घरात आहेत, आणि कॅनूतून त्या पाण्यात उतरू नये असं सगळेच बजावतात. मुलांनी ताटावरून माना वर केल्या. बायकोने जिताड्याची तुकडी उलटली, आच कमी केली आणि हिशेब मांडला: कॅनू गॅरेजमध्ये राहील, तिथे मोठी पत्र्याची बोट आणि तिच्यावरचा माहितगार माणूस भाड्याने घ्यायचा, मुलं मधोमध बसतील, आणि हात कोणी पाण्यात घालायचा नाही.

“आणि अहो,” ती म्हणाली, “काठी विसरलात तरी चालेल. आगळाची बाटली तेवढी बॅगेत आधी घाला.”